डोंगरी शाळेतला संगणकाचा तास

वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला लोकसंख्येने सर्वांत लहान तालुका. २०११च्या जनगणनेत त्याची वस्ती ५४ हजारांच्या घरात भरली. तोरणा आणि राजगड हे दोन बलदंड किल्ले, कानंदी, गुंजवणी, आंबी आणि मोसे या नद्यांची खोरी, पश्चिमेला कोकणात उतरणारे घाट आणि मधल्या उतारांवर पसरलेल्या लहान लहान वाड्या असा हा मुलूख. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड हे नाव द्यायचे ठरवले, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. तालुक्याच्या गावापासून पुणे शहर साठेक किलोमीटरवर. त्या शहरात १९८१ मध्ये टाटांचे संगणक संशोधन केंद्र उभे राहिले, १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला आणि पुढे हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान वसले. देशातल्या संगणकविद्येच्या एका मोठ्या केंद्राच्या इतक्या जवळ असलेल्या डोंगरी तालुक्यातल्या माध्यमिक शाळेपर्यंत ती विद्या कशी पोचली, किती पोचली आणि कुठे अडली, हे पाहिले की महाराष्ट्राच्या शालेय संगणक शिक्षणाचा चाळीस वर्षांचा इतिहास स्वच्छ दिसतो. या इतिहासातून निघणारा माझा निष्कर्ष असा की राज्याने शाळेत संगणक आणला तो खरेदीची वस्तू म्हणून आणला. कायमचा विषय आणि त्या विषयाचा कायमचा शिक्षक म्हणून आणला नाही. शहरातल्या घरांनी ही उणीव खासगी क्लास लावून आणि घरी संगणक घेऊन भरून काढली, त्यामुळे तिथे ती फारशी जाणवली नाही. वेल्ह्यात ती भरून काढायला शाळेशिवाय दुसरे काही नव्हते.

माहितीची नेमाने मांडणी करणे, ती पडताळणे, ठरलेल्या रीतीने हिशेब करणे ही कामे या खोऱ्यांना परकी नाहीत. राजगड ही सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होती, म्हणजे किल्ल्यांचे, गावांचे, धान्याचे आणि माणसांचे हिशेब या डोंगरावर ठेवले जात होते. पुढे हा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे आला आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. अष्टप्रधानांत सचिवाचे काम राजपत्रे तपासून शुद्ध करण्याचे आणि महाल-परगण्यांचे हिशेब पाहण्याचे. राजगड आणि प्रचंडगड (म्हणजे तोरणा) ही संस्थानच्या तालुक्यांचीच नावे होती. त्या काळातल्या पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी पाठ करून घेत, मोडी गिरवून घेत. त्या शिक्षणात घोकंपट्टी होती आणि ते थोड्या जातींपुरते होते, हे खरेच. तरी हिशेबाच्या पायऱ्या मनात पक्क्या बसवल्या तर कागद-लेखणीशिवायही काम बिनचूक होते, ही जाण त्यात होती. संगणकशास्त्र म्हणजे मुळात हेच: प्रश्न पायऱ्यांत मोडणे, प्रत्येक पायरी निःसंदिग्ध लिहिणे आणि उत्तर बरोबर आले का हे तपासणे. यंत्र त्या पायऱ्या फक्त झपाट्याने पार पाडते. विद्या आणि यंत्र यांतला हा भेद पुढच्या सगळ्या योजनांत हरवत गेला.

शाळांमध्ये संगणक शिकवण्याची पहिली देशव्यापी योजना १९८४-८५ची. तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘क्लास’. इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी ती मिळून राबवली. पहिल्या वर्षी देशभरात २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाईलमधल्या एका साध्या छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पण त्याचा एक मोठा गुण होता. ते चालू केले की पडद्यावर थेट बेसिक भाषा समोर येई आणि पुढे काही घडायला हवे असेल तर आज्ञा लिहावीच लागे. ब्रिटनमध्ये एका पिढीने याच यंत्रावर आज्ञावली लिहिण्याची सवय लावून घेतली. आपल्याकडे यंत्र आले, पण त्याच्यासोबतचे पाठ इंग्रजीत, शिक्षकांचे प्रशिक्षण तोकडे आणि वेळापत्रकात त्याला हक्काची तासिका नाही. देशभरात २५० शाळा हा आकडाच असा की डोंगरी तालुक्याच्या वाट्याला त्यातले काही येणे दुरापास्त होते. तरीही पुढच्या काळासाठी या योजनेने एक चाकोरी पाडली: आधी यंत्र, मग प्रशिक्षण, आणि विषयाचे स्थान काय याचा विचार शेवटी, झालाच तर. त्याच १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि दूरचित्रवाणीवरून मराठी पाठ गावोगाव जाऊ लागले. पाठ मुलांच्या भाषेत असावेत, ही गोष्ट त्या संस्थेने तेव्हाच ओळखली होती. संगणकाच्या योजनेला तेवढे सुचायला आणखी बरीच वर्षे लागली. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली.

दुसरा टप्पा शाळेबाहेर घडला. २००१ मध्ये राज्याच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावी, बाजारपेठेच्या प्रत्येक लहानमोठ्या ठिकाणी केंद्रे निघाली आणि लाखो मराठी माणसांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो इथे. या कामाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. संगणक मराठीतून समजावून सांगता येतो, हे मोठ्या प्रमाणावर या अभ्यासक्रमाने सिद्ध केले. परंतु त्याचा हेतू वापर शिकवण्याचा होता. पत्र टंकित करणे, तक्ता भरणे, सादरीकरण करणे, इंटरनेटवर शोधणे. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरले आणि ‘संगणक येतो का?’ या प्रश्नाचा अर्थ समाजात ‘एमएस-सीआयटी झाले का?’ असा झाला. पूर्वी गावातला होतकरू मुलगा दहावीनंतर तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तीसचा वेग, चाळीसचा वेग यांच्या परीक्षा देत असे. टंकयंत्रे गेली तेव्हा त्या परीक्षाही संगणकावर आल्या. लोकांच्या मनात संगणक टंकयंत्राच्या जागी बसला. नोकरीच्या अर्जात दाखवता येणारे प्रमाणपत्र आणि शाळेत मुरणारी विद्या यांत फरक आहे, हे सांगायला तेव्हा शाळेत कोणी नव्हते.

तिसरा टप्पा सर्वांत मोठा आणि सर्वांत बोलका. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने ‘आयसीटी ॲट स्कूल’ ही योजना आणली आणि २०१० मध्ये ती सुधारली. खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा, उरलेला राज्याचा. सुधारित योजनेत शाळेमागे ६ लाख ४० हजार रुपये एकरकमी आणि पुढे पाच वर्षे आवर्ती खर्चाची तरतूद होती. महाराष्ट्रात ५००, २,५०० आणि ५,००० शाळा अशा तीन टप्प्यांत एकूण ८,००० शाळा घेण्यात आल्या. अनुदानित माध्यमिक शाळांपर्यंत संगणक कक्ष पोचले ते याच योजनेमुळे, आणि डोंगरी भागातल्या अनेक मुलांनी एका खोलीत ओळीने मांडलेली दहा यंत्रे पहिल्यांदा तेव्हाच पाहिली. योजनेची रचना मात्र अशी: निविदा भरून कंत्राट मिळवणारी कंपनी यंत्रे बसवणार, ती पाच वर्षे चालवणार, संगणक शिक्षकही तीच नेमणार आणि मुदत संपली की यंत्रे शाळेच्या हवाली करून निघून जाणार. पूल बांधायचा, टोल घ्यायचा आणि शेवटी पूल सरकारला द्यायचा, हीच ती रीत. पूल हस्तांतरानंतरही पूलच राहतो. शाळेत हस्तांतर झाले ते फक्त यंत्रांचे. शिक्षक कंत्राटासोबत आले होते, कंत्राटासोबत गेले. तुटपुंज्या मानधनावर पाच वर्षे शिकवलेल्या या तरुणांनी सेवेत कायम करावे म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्यांची मागणी शासनाला खर्चाची वाटली, पण हाताशी आलेला, मुलांना ओळखणारा, कक्षाची कुलूपकिल्ली सांभाळणारा शिक्षकवर्ग घालवणे किती महागात पडले याचा हिशेब कुणी मांडला नाही. डोंगरात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, दमट हवा, वारंवार जाणारी वीज. अशा ठिकाणी यंत्र रोज चालू केले नाही तर ते फार टिकत नाही, आणि ते रोज चालू करणारा माणूसच निघून गेला होता. त्यात शाळांना बराच काळ वीज व्यावसायिक दराने मिळत होती. विजेचे बिल वेतनेतर अनुदानातून भरायचे आणि ते अनुदान वेळेवर येत नसे. मुख्याध्यापकांनी कक्ष बंद ठेवले असतील तर तो दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

विषय म्हणून जे थोडे झाले तेही असेच अर्ध्यावर राहिले. नववी-दहावीला माहिती संप्रेषण तंत्रज्ञान हा श्रेणीचा विषय आला, पाठ्यपुस्तकही निघाले. त्याचे मूल्यमापन शाळेतच होणार, बोर्डाची प्रश्नपत्रिका नाही. दहावीच्या वर्षात ज्या विषयाला बोर्डाचा पेपर नसतो त्याच्या तासिकेला बीजगणित-भूमितीचा जादा तास होतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. खरे संगणकशास्त्र सुरू होते ते अकरावीला, द्विलक्षी अभ्यासक्रमात. तिथे सी प्लस प्लस आहे, विदासंरचना आहे, आणि १९७० च्या दशकातला ८०८५ हा सूक्ष्मप्रक्रियकही एकविसाव्या शतकात बरीच वर्षे शिकवला गेला. जुना म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. यंत्र आतून कसे चालते हे समजायला तो चांगलाच आहे. अडचण वेगळी आहे. हा विषय विज्ञान शाखेत, सोय असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि बहुधा वेगळी फी भरून मिळतो. तोवर वेल्ह्याच्या मुलाला नसरापूर, भोर किंवा पुणे गाठावे लागलेले असते, आणि आठवी ते दहावीच्या तीन वर्षांत या विषयाची चुणूकही न मिळाल्याने तो निवडायचा की नाही हे ठरवायला त्याच्याकडे आधार नसतो. भोरच्या अलीकडे धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. त्याच्या आणि डोंगरातल्या आठवीच्या वर्गाच्या मधली पायरीच गायब आहे.

यावर कोणी म्हणेल की ग्रामीण शाळेकडून इतकी अपेक्षा करणेच चूक, तिथे तांत्रिक विषय रुजतच नाही. या आक्षेपाला उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी, आणि ती सोडून पाबळ. त्यांचे म्हणणे साधे होते: हाताने काम करताना बुद्धी जागी होते, म्हणून शाळेने खरी कामे करून विज्ञान शिकवावे. त्यातून आठवी ते दहावीसाठी आयबीटी हा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्याला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. मुलांनी गावासाठी वेल्डिंग करायचे, वीजजोडणी करायची, माती तपासायची, रक्तगट तपासायचे. १९८७ मध्ये एसएससी बोर्डाने तो पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. मला या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धागा इथे दिसतो. पाबळकडे पैसा नव्हता, पाऊस नव्हता, मोठी यंत्रे नव्हती. पण विषयाला बोर्डाची मान्यता होती, वेळापत्रकात हक्काचा दिवस होता, गुण गुणपत्रिकेत येत होते आणि शिकवणारे निदेशक बहुतेक आसपासच्याच गावांतले होते. म्हणून तो टिकला आणि पाबळबाहेरच्या शाळांतही गेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब काढायला जागा निवडली ती पाबळच. संगणकावर आकृती काढून यंत्राकडून वस्तू घडवण्याची ती कार्यशाळा खेड्यातल्या मुलांच्या हाती आली, कारण तिथे आधीची वीस वर्षे जमीन तयार झाली होती.

आता दुसरा आक्षेप, आणि तो अधिक गंभीर आहे. मुलांना धड वाचता येत नाही, भागाकार येत नाही, मग संगणकशास्त्राचे ओझे कशाला? आधी पाया, मग कळस. पण हा आक्षेप संगणकशास्त्राला गणिताबाहेरची चैन समजतो. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत आकाराला आली: पत्त्यांवरून द्विमान अंक, तराजूने क्रमवारी, दोऱ्यांनी जाळे. भारतात एसीएम इंडियाने २०१६ पासून ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमात तशाच रीतीचे पाठ तयार केले आहेत, आणि ते मराठीतही आहेत. वेल्ह्यातल्या वर्गाला उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. पुणे शहराला पाणी देणाऱ्या चार धरणांपैकी दोन मोठी धरणे याच तालुक्यात आहेत: पानशेत १०.६५ टीएमसी, वरसगाव १२.८२ टीएमसी. पावसाळ्यात दोन्हींचे साठे आणि पाऊस रोज वर्तमानपत्रात छापून येतात. आठवीच्या वर्गाने ते आकडे महिनाभर वहीत उतरवले, सरासरी काढली, कोणत्या दिवशी आवक सर्वाधिक झाली हे शोधायची रीत शब्दांत लिहिली, साठा अमुक टक्क्यांवर गेला आणि पाऊस अमुक मिलिमीटरच्या वर असला तर काय करायचे याचे नियम मांडले, की टक्केवारी, दशांश, आलेख आणि मराठी गद्य एकाच कामात घडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. धरणाच्या कुशीतल्या मुलांना पाण्याचे आकडे वाचता येणे हा पायाच आहे. जलाशयाने तुटलेल्या दोन काठांवरच्या गावांचे रस्ते ठिपके आणि रेषांनी मांडून एसटीची सर्वांत कमी वेळाची फेरी शोधणे हा आलेख सिद्धान्ताचा पहिला धडा आहे. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी त्याची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि मोबाईलमधला नकाशा आजही त्याच कुळातल्या रीतीने वाट काढतो. यातल्या कशालाही वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. खडूफळा पुरतो. यंत्र यायला हवेच, आणि लवकर यायला हवे. पण ते नाही म्हणून विषय थांबवण्याचे कारण उरत नाही.

मोबाईल घरोघरी आला, आता शिकवायचे काय राहिले, असेही म्हटले जाते. ‘असर’च्या २०२४च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. आठवडाभरात शिक्षणासाठी तो वापरला असे त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. याचा अर्थ वापर शिकवण्याचे काम आता संपले आहे, आणि नेमके म्हणूनच जुन्या योजनांचा आशय कालबाह्य झाला आहे. ब्रिटनने हे आपल्याआधी ओळखले. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीने शाळांतले संगणक शिक्षण केवळ वापरापुरते उरल्याचे परखडपणे लिहिले आणि सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत जुना आयसीटी विषय जाऊन पहिलीपासून ‘कम्प्युटिंग’ आले. बीबीसी मायक्रो ज्या देशाने आपल्याला दिला त्याने चूक मान्य करून विषय बदलला. आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचे नाव घेतले आहे, शिक्षकाचा प्रश्न तसाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावली लिहून देते, मग मुलांनी कशाला शिकायची, हा आक्षेप सर्वांत नवा. तो मला पटत नाही. यंत्राने दिलेले उत्तर चुकीचे आहे हे ओळखायला प्रश्न पायऱ्यांत मांडता यावा लागतो. ती ताकद शहरातल्या मुलाकडे असेल आणि डोंगरातल्या मुलाकडे नसेल, तर पहिला यंत्राला काम सांगेल आणि दुसरा यंत्र सांगेल ते निमूट मानेल. अर्ज, अनुदान, पीकविमा, सातबारा सगळे पडद्यावर गेलेल्या काळात ही दरी फार क्रूर आहे.

शेवटी प्रश्न पदाचा येतो, आणि तिथे नियमच डोंगराच्या विरोधात आहेत. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत पटसंख्येवर ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक दिले आहेत, तेही शंभराहून अधिक मुले असतील तरच. संगणकाचे नाव त्या यादीत नाही, आणि वाड्यावस्त्यांच्या शाळेत शंभरचा पट गाठणे अवघड. शाळा हे एकक धरून मोजले तर वेल्ह्याला संगणक शिक्षक कधीच मिळणार नाही. म्हणून मोजमाप खोऱ्याचे हवे: तालुक्यातल्या पाबे घाटाच्या अलीकडच्या दोन-तीन आणि पलीकडच्या दोन-तीन माध्यमिक शाळा मिळून एक पूर्णवेळ पद, प्रत्येक शाळेत आठवड्यातला ठरलेला एक दिवस, विषयाला बोर्डाचे गुण, आणि नेमणुकीत त्याच तालुक्यातल्या पदवीधराला प्राधान्य. आयबीटीने हीच चौकट चालवून दाखवली आहे. खर्च पगाराचा आहे आणि तो दरवर्षीचा आहे, हे शिक्षण खात्याने आधीच मान्य करावे लागेल. पाच वर्षांच्या निविदेत बसणारे ते काम नाही.